रंग गेला, पण मळ गेला का?

प्रश्न : कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचे सांडपाणी नॅनोतंतू आणि उन्हाने स्वच्छ करता येते, असे वाचले. तंतूच कशाला? पावडर टाकून भागत नाही? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : पावडरीने भागते, पण अडचण नंतर येते. टिटॅनियम डायऑक्साइड म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतो तोच पदार्थ. त्याचे वीस-पंचवीस नॅनोमीटरचे कण पाण्यात तरंगत राहतात. ते गाळून परत मिळवायचे, तर आजारापेक्षा औषध महाग पडते. तंतूंची चटई मात्र उचलून पुन्हा वापरता येते.

ती बनवण्याची रीत मोठी मजेदार आहे. टिटॅनियमचे संयुग घातलेले पॉलिमरचे द्रावण सुईतून सोडतात आणि सुईला दहा-वीस हजार व्होल्टचा विद्युतदाब देतात. थेंब ताणला जाऊन त्याची धार निघते, द्रावक वाटेतच उडून जातो आणि समोरच्या पत्र्यावर केसाहून शेकडो पट बारीक तंतू साचतात. मग सुमारे 500 अंश सेल्सिअसला भाजले की पॉलिमर जळून जातो आणि टिटॅनियम डायऑक्साइड उरतो. असे भाजलेले तंतू ठिसूळ असतात, ही मात्र खोड आहेच.

टिटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश टाकला की पाण्याचे विघटन होते, हे जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी 1972 मध्ये ‘नेचर’मध्ये मांडले. प्रकाशाने इलेक्ट्रॉन उसळतो, त्याच्या जागी पोकळी राहते, आणि या जोडीमुळे पाण्यात तयार होणारी हायड्रॉक्सिल मूलके रंगाच्या रेणूंवर तुटून पडतात. पण त्यासाठी 388 नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरींचे, म्हणजे अतिनील किरण लागतात, आणि उन्हात ते जेमतेम पाच टक्के! म्हणून तंतूंत फेरफार करतात. नायट्रोजन मिसळला की दृश्य प्रकाशही थोडाफार कामी येतो. चांदीचे कण बसवले, तर ते इलेक्ट्रॉन धरून ठेवतात, लगेच पोकळीत परतू देत नाहीत.

‘तासाभरात निळे पाणी नितळ’ अशा दाव्यांवर मी लगेच विश्वास ठेवत नाही. अ‍ॅझो रंगात दोन नायट्रोजन अणूंमधला बंध तुटला की रंग जातो, पण बेंझीनची कडी पाण्यात शाबूत राहू शकते. खरी परीक्षा पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनची.

शिवाय प्रयोगशाळेतले पाणी साधे असते. रंगखात्याच्या पाण्यात मीठ भरपूर, आणि त्यातला क्लोराइड मूलकांना वाटेतच गाठतो. गडद पाण्यात प्रकाश खोलवर शिरतही नाही. त्यामुळे हे तंतू सांडपाणी शुद्ध करणाऱ्या जिवाणूंच्या टाकीची जागा घेणार नाहीत. तिच्यातून निघालेल्या, बऱ्यापैकी निवळ पाण्यात उरलेला चिवट रंग तोडायला ते जास्त उपयोगी.