नामदार गोखले आणि शाळेबाहेरचें मूल

वाचकहो, ह्या धड्यांत नामदार गोपाळ कृष्ण गोखले ह्यांच्या चरित्राचा विचार करावयाचा आहे. त्यांच्या ज्या कार्याचा खेड्यांतील घरांशीं निकटचा संबंध आहे, त्याकडे आपण विशेष लक्ष देऊं.

१. आठ रुपयांचें ऋण. गोखले ह्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील कोतळूक गांवीं झाला. १८७९ सालीं वडील वारले. तेव्हां थोरले बंधु गोविंदराव ह्यांनीं स्वतःचें शिक्षण सोडून नोकरी धरिली. पगार दरमहा १५ रुपये. त्यांतील ८ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठीं पाठवीत. गोपाळरावांनीं काटकसरीनें दिवस काढिले व १८८४ सालीं मुंबईस बी. ए. ची पदवी मिळविली. पुढें मोठ्या पगाराच्या मागें न लागतां त्यांनीं पुण्यास शिक्षकाचा पेशा पत्करिला. न्यायमूर्ति रानडे ह्यांस ते गुरु मानीत.

२. धारवाडचें भाषण. १९०३ सालीं धारवाड येथील सामाजिक परिषदेंत त्यांनीं अस्पृश्य मानिलेल्या लोकांची बाजू मांडिली. जो मनुष्य हिंदु असेपर्यंत आपण त्यास शिवत नाहीं, तोच कोट व टोपी घालून स्वतःस ख्रिस्ती म्हणवूं लागला म्हणजे आपण त्याचा हात हातीं घेतों, ही गोष्ट लाजिरवाणी आहे, असें त्यांनीं आपल्याच समाजास बजाविलें. ज्यांच्या आजापणजांनीं तो अनुभव घेतला, त्यांस ह्या बोलण्याचा अर्थ समजावून सांगावयास नको. मनुष्याचा मान त्याच्या पोषाखावर किंवा नांवावर अवलंबून नाहीं, हेंच त्यांचें म्हणणें होतें.

३. शिक्षणाचें बिल. १६ मार्च १९११ रोजीं गोखल्यांनीं वरिष्ठ कायदेमंडळांत प्राथमिक शिक्षणाचें बिल आणिलें. त्यांतील मागणी बेताची होती. म्युनिसिपालिट्या व लोकल बोर्डें ह्यांनीं सरकारची मंजुरी घेऊन ६ ते १० वर्षांच्या मुलग्यांस शाळेची सक्ती करावी. मुलींस ती मागाहून लागू व्हावी. आणि ज्या बापाची प्राप्ति दरमहा १० रुपयांहून अधिक नाहीं, त्याच्याकडून फी घेऊं नये. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं हाच प्रयोग यशस्वी करून दाखविला होता. तरी सक्तीची वेळ आलेली नाहीं, असें सरकारनें म्हटलें. कित्येक हिंदी सभासदांनींही विरुद्ध मत दिलें. मार्च १९१२ मध्यें १३ विरुद्ध ३८ मतांनीं बिल पडलें. तें पडणार हें गोखल्यांस अगोदरच ठाऊक होतें. आमच्या पिढीस अपयशानेंच देशाची सेवा करावयाची आहे, अशा आशयाचे उद्गार त्यांनीं काढिले. तक्रार केली नाहीं.

४. पेरलेलें उगवलें. १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षीं, ते वारले. १९१८ सालीं विठ्ठलभाई पटेल ह्यांच्या प्रयत्नानें मुंबई इलाख्यांतील म्युनिसिपालिट्यांस सक्तीचा अधिकार मिळाला. २००२ सालीं राज्यघटनेंत दुरुस्ती होऊन शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला, आणि १ एप्रिल २०१० पासून ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलास व मुलीस मोफत शिक्षण देणारा कायदा अमलांत आला. पेरणारानें पीक पाहिलें नाहीं, परंतु बीं वायां गेलें नाहीं.

५. आपणांस बोध. कायदा शाळेचें दार उघडतो. मुलास दारापर्यंत नेण्याचें काम घराचें व गांवाचें आहे. ऊसतोडीच्या हंगामांत आईबापांबरोबर मूल गेलें म्हणजे हजेरीपटावर नांव राहतें, मूल राहत नाहीं. धाकट्या भावंडास सांभाळण्यासाठीं मोठ्या मुलीस घरीं ठेविलें, तर तिचें वर्ष बुडतें. अशा मुलास हंगामापुरतें आपल्या घरीं ठेवून घेणारा चुलता किंवा शेजारी आज गोविंदरावांचेंच काम करितो. गोविंदरावांनीं भाषणें केलीं नाहींत. दरमहा आठ रुपये पाठविले, आणि देशास एक पुढारी मिळाला.

विचारासाठीं प्रश्न:
(१) गोविंदरावांनीं काय सोडिलें व त्याचें फळ कोणास मिळालें?
(२) बिल पडणार हें ठाऊक असतांही गोखल्यांनीं तें कां मांडिलें?
(३) आपल्या वस्तींत आज शाळेबाहेर असलेलें मूल कोणतें? त्यासाठीं ह्याच आठवड्यांत कोण काय करील?