बीजदोष आणि बालकाच्या बाहुलीतील पांढरी चमक

चरकसंहितेच्या शारीरस्थानात बीज, बीजभाग व बीजभागावयव अशी सूक्ष्म विभागणी आढळते. यास आधुनिक जनुकशास्त्राचा पूर्वावतार म्हणण्याचा उत्साह आम्हांस नाही. तथापि दृष्टिपटलाचा बालकर्करोग, म्हणजे रेटिनोब्लास्टोमा, समजून घेताना ही संकल्पना वैद्यास निश्चित साहाय्यभूत ठरते. साधारणतः १५ ते २० हजार जन्मांत एका बालकास तो होतो, आणि बहुधा पाचव्या वर्षाच्या आतच.

प्रत्येक पेशीत आर.बी.१ या जनुकाच्या दोन प्रती १३ व्या गुणसूत्राच्या जोडीवर असतात. दोन्ही निकामी झाल्यावाचून हा अर्बुद उद्भवत नाही, असा सिद्धांत १९७१ मध्ये अमेरिकेतील आल्फ्रेड नुडसन यांनी मांडला. सुमारे ४० टक्के रुग्णांत एक प्रत बीजावस्थेपासूनच सदोष असते. अशा बालकांत रोग लवकर, पुष्कळदा दोन्ही डोळ्यांत दिसतो. मोठेपणी अस्थींच्या कर्करोगाचाही धोका राहतो. यांपैकी बहुसंख्य बालकांच्या घराण्यात पूर्वी कोणासही हा रोग नसतो, कारण हा बदल नव्यानेच घडलेला असतो. म्हणून 'आमच्यात कुणाला नाही' या उत्तरावर वैद्याने विसंबू नये. मामाच्या मुलीशी झालेला विवाह किंवा गरोदरपणी पाहिलेले ग्रहण यांचा येथे संबंध नाही, हेही त्या मातेस स्पष्ट सांगावे. नाहीतर सारा दोष तिच्याच माथी येतो.

बाहुलीत मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमक, विशेषतः फ्लॅशच्या छायाचित्रात, अथवा नव्याने आलेला तिरळेपणा ही प्रमुख लक्षणे होत. बालकास वेदना बहुधा नसतात. त्यामुळेच विलंब होतो. तळेऱ्यासारख्या गावी पालक प्रथम आपल्याकडे वा औषधाच्या दुकानी येतात. कफज लिंगनाश समजून अंजन, तर्पण वा त्रिफळाघृत योजणे आणि दुकानदाराने थेंबांची बाटली देणे, दोन्ही सारखेच घातक. जन्मजात मोतीबिंदू निघाला तरी त्यासही त्वरित शस्त्रकर्म लागतेच.

करूळ घाटाने कोल्हापूरच्या नेत्रतज्ज्ञांकडे किंवा मुंबईस परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाकडे पाठवावे, तेही दिवसांत, महिन्यांत नव्हे. रोग डोळ्यापुरता मर्यादित असताना उपचार मिळाल्यास बहुसंख्य बालके वाचतात. वंशगत रुग्णाच्या प्रत्येक अपत्यास तो दोष मिळण्याची शक्यता ५० टक्के असल्याने भावंडांचे व पुढील अपत्यांचे डोळे जन्मापासूनच, बाहुली विस्फारून, तज्ज्ञांकडून तपासून घ्यावेत.