स्कॅन केलेला कागद खरा की बनवलेला? टोकन देण्याआधी ५ तपासण्या



समजा, खोपट एसटी डेपोजवळ तुम्हाला दुकानाचा गाळा मिळतोय. एजंट व्हॉट्सॲपवर बांधकाम परवानगीचा स्कॅन पाठवतो आणि म्हणतो, "आजच टोकन द्या, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे." थांबा. आधी कागद बघा.

कल्याण-डोंबिवलीत महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या दाखवून ६५ इमारतींची महारेराकडे नोंदणी झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडायचे आदेश दिले. घरं घेणारे कर्जासकट अडकले.

१. मूळ फाइल मागा. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, बारीक खुणा जातात. "डॉक्युमेंट म्हणून पाठवा," असं सांगा.

२. ४०० टक्के झूम करा. स्कॅनमधल्या अक्षरांच्या कडा करड्या, थोड्या खडबडीत असतात. सगळा मजकूर तसा आणि तारीख किंवा मजल्यांचा आकडा तेवढाच धारदार? शंका घ्या.

३. अक्षरांमागचा कागद बघा. घडी, डाग, करडेपणा सलग हवा. नावामागेच स्वच्छ पांढरा चौकोन का? सगळ्या ओळी तिरक्या आणि एकच सरळ का?

४. सही-शिक्का जुळवा. दोन कागदांवरची सही एकमेकांवर ठेवली आणि तंतोतंत बसली, तर ती चिकटवलेली असू शकते. हाताने केलेल्या दोन सह्या इतक्या सारख्या येत नाहीत.

५. फाइलची माहिती उघडा. तारीख आणि सॉफ्टवेअर दिसतं. तारीख नवी असेल तर कागद पुन्हा स्कॅन केलेला असू शकतो. पण फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचं नाव दिसलं, तर कारण विचारा.

आता एक सावधगिरी. खूण म्हणजे पुरावा नाही. २०१३ मध्ये जर्मनीच्या डेव्हिड क्रीझेल यांनी दाखवलं, की झेरॉक्स कंपनीची काही मशिन्स स्कॅन करताना ६ चा ८ करत होती. कोणी लबाडी केली नव्हती, फाइल लहान करण्याच्या पद्धतीतला तो दोष होता. काही स्कॅनर अक्षरं आणि कागद वेगळे साठवतात, त्यामुळेही अक्षरं धारदार दिसतात. उलट, बनावट कागद प्रिंट काढून पुन्हा स्कॅन केला की बऱ्याच खुणा गायब होतात. म्हणून लगेच आरोप करू नका आणि स्वच्छ स्कॅनवर भरवसाही ठेवू नका.

शेवटचा शब्द कागद देणाऱ्या ऑफिसचा. जावक क्रमांक आणि तारीख घेऊन ठाणे महापालिकेच्या शहर विकास विभागात खात्री करा. नुसता महारेरा नंबर पुरत नाही, तो त्या ६५ इमारतींकडेही होता. समोरच्याचा जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर स्वतः टाइप करून बघा, त्याने पाठवलेल्या लिंकवरून नको.

आजचा गृहपाठ: तुमच्याकडचा एक खरा कागद स्कॅन करा, झूम करा, कडा नीट बघा. खरं कसं दिसतं ते डोळ्यात बसलं, की खोटं लवकर खटकतं. आणि ऑफिसात खात्री होईपर्यंत टोकन खिशातच ठेवा. गाळा दुसरा मिळेल, बुडालेलं भांडवल मिळणं कठीण!