‘मागे गाडी आहे ना!’

सायकल आडवी ठेवताना चेनची बाजू वर. हे वाक्य मी महाडला टेम्पोपाशी उभं राहून, स्वच्छ मराठीत, दोनदा म्हणालो होतो. ऐकणारे तिघं होते. नंतर तिघांपैकी एकालाही ते आठवेना, म्हणून इथे लिहून ठेवतो.

राईड तीन दिवसांची, पैसे भरून केलेली. पहिल्या दिवशी पुण्याहून भोर, वरंधा घाट उतरून महाड. दुसऱ्या दिवशी पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर. तिसऱ्या दिवशी केळघर, मेढा, सातारा आणि वर कासचं पठार. जाहिरातीत कासच्या फुलांचा फोटो होता. राईड नोव्हेंबरात. कासचा बहर ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर हे साताऱ्यातलं शाळकरी पोरही सांगेल. पण ते जाऊ द्या, मी काही फुलांसाठी गेलो नव्हतो.

पहिल्या दिवसाबद्दल तक्रार नाही, हे मुद्दाम सांगतो, नाहीतर म्हणतील की काकांना सगळंच खुपतं. भोर सोडलं की गाड्या विरळ होत जातात. नीरा देवघरचं पाणी बराच वेळ सोबत करतं, डोंगरांच्या उतारावरचं गवत तांबूस झालेलं असतं आणि आपल्याच टायरचा आवाज ऐकू येतो. वाघजाईच्या देवळापाशी गरम भजी खाल्ली. मग उतार. वरंध्याचा उतार अवघड आहे. वळणावर बारीक खडी असते, पावसाळ्यात खचलेल्या भागावर अर्धवट डागडुजी असते आणि एसटी वळताना पूर्ण रस्ता घेते. ब्रेक धरून ठेवायचा नाही. दाबायचा, सोडायचा, पुढचा-मागचा आलटून पालटून. रिम ब्रेक असेल तर हे फारच पाळा, नाहीतर रिम तापते. आणि हो, पावसाळ्यात वरंधा आणि आंबेनळी दोन्ही घाट दरडींमुळे बंद असू शकतात. 2021 च्या जुलैत दरडी कोसळून आंबेनळीचा रस्ता बंद पडला होता. निघण्यापूर्वी चौकशी करावी.

भोरमध्येच आयोजकांनी सगळ्यांच्या पाठीवरच्या पिशव्या उतरवून घेतल्या होत्या. ‘‘काका, एवढं ओझं कशाला? सगळं टेम्पोत टाका. मागे गाडी आहे ना!’’ हे त्यांचं पालुपद. शेवटच्या सायकलस्वाराच्या मागे सतत गाडी, असं पैसे भरताना लेखी सांगितलं होतं. मग माझ्या पिशवीतलं सगळं टेम्पोत गेलं: जादा टायर, गोळ्या, चार्जर आणि एका छोट्या पाकिटात जादा हँगर. हे पाकीट लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी महाड ते पोलादपूर हा महामार्गाचा टप्पा टेम्पोतून करायचा ठरला. ट्रकांची वर्दळ बघता निर्णय बरोबरच होता. सायकली मात्र आडव्या, एकावर एक रचल्या. माझी सर्वांत खाली. मी बोललो ते वर सांगितलंच. मदतनीस पोरगा म्हणाला, ‘‘काही होत नाही साहेब.’’ तेवढ्यात ग्रुप फोटोसाठी हाक आली. परत येऊन बघतो तर वरून दोर आवळलेला.

पोलादपूरला उतरवल्यावर मी गिअर टाकून बघितले. सपाट रस्त्यावर जे लागतात ते सगळे पडत होते. मागच्या चाकाची सगळ्यात मोठी चकती सपाटीवर कोणी वापरत नाही.

पोलादपूर ते महाबळेश्वर साधारण 40 किलोमीटर. सुरुवातीला सावित्रीचं खोरं, कापलेल्या भाताची खाचरं, बांधावर रचलेली उडवी. पाय ऐटीत चालत होते. मग रस्ता डोंगराला भिडतो आणि एक-एक करत गिअर संपत जातात. एका वळणाच्या आतल्या कडेला चढ एकदम उभा झाला आणि मी शेवटचा गिअर टाकला. मागून टिक-टिक-टिक असा आवाज आला, स्पोकला काहीतरी घासल्यासारखा. मान वळवेपर्यंत कडकन् वाजलं आणि चाक जागच्या जागी गच्च. बुटाचं क्लीट पॅडलमध्ये अडकलेलं, पाय निघाला नाही. डोंगराच्या बाजूला, गवतात आडवा झालो. दरीच्या बाजूला झालो असतो तर हे लिहायला नसतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, फ्रेमला ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या तुकड्याने धरलेला असतो, तो हँगर. तो मुद्दाम मऊ करतात, म्हणजे मार बसला तर तो वाकावा आणि फ्रेम वाचावी. पण तो आतल्या बाजूला वाकला की डिरेलर स्पोकच्या जवळ सरकतो. छोट्या चकत्यांवर काही कळत नाही. सर्वांत मोठ्या चकतीवर चेन गेली की डिरेलर थेट स्पोकमध्ये अडकतो आणि फिरणारं चाक त्याला ओढून वर नेतं. माझ्या हँगरचे दोन तुकडे झाले होते, तीन स्पोक गेले होते आणि डिरेलर केबलला लोंबकळत होता.

मी तो हातात धरून पुसला. काळ्या डिरेलरवर बाहेरच्या अंगाला दोन हिरवे ओरखडे होते. मला क्षणभर उलगडा होईना. माझ्या सायकलवर हिरवा रंग कुठेच नाही. मग आठवलं, टेम्पोचा हौदा हिरवा आहे आणि त्याच्या तळाला आडव्या लोखंडी पट्ट्या आहेत. चेनची बाजू खाली, वर चार सायकलींचा भार आणि महामार्गावरचे खड्डे. तिथे गवतात बसून मी त्या ओरखड्यांचे फोटो काढले. तो पुरावा आजही माझ्याकडे आहे, कोणाला बघायचा असेल तर.

आता मागून गाडी येणार होती. नाही आली. फोनला रेंज नाही. माझ्या मागचे दोघं येऊन थांबले, हळहळले, पुढे गेले. त्यांच्याही मागे गाडी नव्हती. खिशातल्या मल्टिटूलला चेन ब्रेकर होता. चेन छोटी करून डिरेलर वगळला आणि मधल्या एका चकतीवर चढवली. थोडं अंतर गेलो, की चेन आपोआप मोठ्या चकतीवर चढायला बघते आणि आवळून बसते. सपाटीवर या जुगाडाने घर गाठता येतं, आंबेनळीत नाही. खाली पोलादपूरला घरंगळत गेलो असतो, पण माझं सगळं सामान वर कुठेतरी होतं. गोळ्यांसकट.

शेवटी दूध पोहोचवून परतणाऱ्या एका पिकअपवाल्याने थांबून विचारलं. सायकल उचलण्याआधी त्याने एक रिकामं पोतं झटकलं, घडी घालून तळाला अंथरलं आणि चेनची बाजू वर ठेवून सायकल त्यावर टेकवली. मी एक अक्षर बोललो नव्हतो. पैसेही घेईना.

आमची ‘मागची’ गाडी वाडा कुंभरोशीला उभी होती. आयोजक मिसळ खात होते. मला बघून म्हणाले, ‘‘अरे काका! पिकअपमधून? चीटिंग!’’ आणि हसले. मी हँगरचे तुकडे टेबलावर ठेवले. पुढचं संभाषण असं: एक, हँगर तर टायरट्यूबसारखाच झिजणारा माल. दोन, सायकल जुनी असेल. तीन, चढावर गिअर बदलायला शिकलं पाहिजे. चार, तुम्ही अर्जावर ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ म्हणून सही केली आहे. गाडी पुढे का आली, यावर उत्तर: ‘‘मुलांना भूक लागली होती.’’ मुलं म्हणजे टेम्पोचा ड्रायव्हर आणि तो मदतनीस. मी टेम्पोतून माझी पिशवी काढली, पाकीट उघडलं आणि नवा हँगर त्यांच्यापुढे धरला. वेळेवर हाताशी असता तर, सगळ्यात मोठी चकती सोडून, मी घाट चढून गेलो असतो. ते म्हणाले, ‘‘बघा, होताच की तुमच्याकडे.’’

पुण्यातल्या मेकॅनिकला काही न सांगता तुकडे दाखवले. त्याचं पहिलं वाक्य: ‘‘कुठल्या गाडीत टाकली होती?’’

तर आता जे जाणार आहेत त्यांच्यासाठी. सायकल कुठल्याही वाहनातून उतरली की स्वार होण्याआधी मागचं चाक उचलून, पॅडल हाताने फिरवत सगळ्यात मोठ्या चकतीपर्यंत गिअर टाका, सावकाश. मग मागे उकिडवे बसून बघा: डिरेलरची दोन छोटी चाकं आणि वरची चकती एका उभ्या रेषेत दिसली पाहिजेत. खालचं टोक चाकाकडे कललेलं दिसलं तर तो गिअर वापरायचाच नाही. सायकल आडवीच ठेवायची असेल तर चढवण्याआधी चेन सर्वांत मोठ्या चकतीवर आणा, म्हणजे डिरेलर आत सरकलेला राहतो. त्याहून उत्तम म्हणजे पाना लावून डिरेलर हँगरवरून सोडवा आणि कापडात गुंडाळून फ्रेमच्या आत बांधा. पाच मिनिटांचं काम आहे आणि कोणाला मस्का लावावा लागत नाही.

हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा. ‘युनिव्हर्सल’ हँगर निघालाय, पण रस्त्यावरच्या बहुतेक जुन्या सायकलींना तो बसत नाही. घाटातल्या कुठल्याही गावात तुमचा मिळणार नाही. तो सॅडलखालच्या पिशवीत, सोबत चेनची एक क्विक लिंक आणि चेन ब्रेकर. कोणी कितीही गोड बोललं तरी ही पिशवी टेम्पोत जात नाही. गोळ्या खिशात. पाणी भरपूर प्या, हेल्मेट घाला, हे सगळे सांगतातच.

पैसे भरण्यापूर्वी टेम्पोच्या ड्रायव्हरचा नंबर मागा, आयोजकाचा नव्हे. सायकली उभ्या बांधणार की आडव्या, हे लिहून घ्या. अर्धे पैसे शेवटच्या मुक्कामी देऊ म्हणा. त्यावर ज्यांचा चेहरा पडतो त्यांच्याबरोबर जाऊ नका.

याच्याऐवजी मला ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत आपल्याच बळावर पुऱ्या करायच्या लांब राईड, बरे वाटतात. 200 किलोमीटर, साडेतेरा तास, मागे गाडी नाही आणि ती आहे असं कोणी म्हणतही नाही. जो येतो तो आपला पाना घेऊन येतो.

परतल्यावर राईडच्या ग्रुपवर मी त्या ओरखड्यांचे फोटो टाकले. आयोजकांचं उत्तर आलं, ‘सकारात्मक राहू या’, पुढे दोन हात जोडलेले. मी खर्चाचा हिशेब टाकला: हँगर, डिरेलर, स्पोक, मजुरी. पुढच्या राईडला दहा टक्के सवलत देऊ केली गेली. मी पुन्हा हिशेब टाकला, तेव्हा मला ग्रुपमधून काढलं.

हे वाचून त्यांच्यातलं कोणी म्हणेलच की काकांना तक्रारीची सवय आहे. आहे. हिशेब अजून तोच आहे, मजुरीसकट. पैसे पाठवा, थांबवतो.