नवी ‘दुहेरी वापराची’ मोटारसायकल घ्यावी काय?



ऊस विकास विभागाच्या या पानावर आपण लागण, खतांचे हप्ते, खोडवा, ठिबक याविषयी वाचत आला आहात. या वेळी विषय थोडा वेगळा घेतला आहे. उसाचा हप्ता खात्यावर जमा झाला की गट ऑफिसात नोंदीपेक्षा नव्या गाडीचीच चर्चा जास्त चालते. त्यातही तरुण मंडळींचा प्रश्न ठरलेला असतो : “साहेब, ती उंच गाडी, पुढचे चाक मोठे असलेली, शेतातही चालते म्हणतात. घेऊ का?” शेतकी खात्याच्या माणसाचा निम्मा दिवस पाणंदीत जातो, त्यामुळे या प्रश्नाला उत्तर देणे आमच्या कामाबाहेरचे आहे असे आम्हांस वाटत नाही.

प्रथम ही गाडी म्हणजे काय ते पाहू. डांबरी रस्त्यावर कायदेशीर चालेल, म्हणजे दिवे, आरसे, नंबरप्लेट सर्व असेल, आणि कच्च्या वाटेवर, दगडगोट्यांतही चालेल, अशी दोन्ही कामांची ही गाडी. जगात हा प्रकार रुळला तो १९६८ च्या यामाहा डीटी-१ या गाडीपासून. आपल्याकडे दूधवाल्यांनी आणि शेतकऱ्यांनी राजदूतवर हेच काम वर्षानुवर्षे केले, पण ती त्यासाठी मुद्दाम बनवलेली नव्हती. मुद्दाम बनवलेली म्हणून २०११ साली हीरोची इम्पल्स आली, ती काही वर्षांत बंद पडली. पुढे २०१६ ला रॉयल एनफिल्डची हिमालयन, २०१९ ला हीरोची एक्सपल्स २००, २०२३ च्या नोव्हेंबरात नवी ४५० सीसीची हिमालयन, आणि २०२५ च्या जानेवारीत एक्सपल्स २१० अशा गाड्या आल्या. हिमालयन ४५० चे वजन १९६ किलो आहे. ती लांबच्या प्रवासाची गाडी, शिवारातल्या कामासाठी तिचा विचार सोडून द्यावा. खाली आम्ही एक्सपल्स २१० हेच उदाहरण धरले आहे, कारण विचारणा तिचीच जास्त आहे. तुलनेला सर्वांच्या दारात उभी असलेली स्प्लेंडर घेतली आहे. कोणाची जाहिरात करण्याचा किंवा कोणाला नावे ठेवण्याचा हेतू नाही.

या गाडीचे खरे गुण आधी सांगतो. पहिला गुण पुढच्या मडगार्डचा. काळ्या रानातून पावसाळ्यात गाडी नेणाऱ्यास हे समजावून सांगायला नको. साध्या गाडीचे मडगार्ड चाकाला चिकटून असते. पन्नास पावले गेले की चिखल आत घट्ट बसतो, चाक फिरायचे थांबते, आणि आपण उसाच्या कांड्याने चिखल उकरत बसतो. काहींनी तर जून ते सप्टेंबर पुढचे मडगार्ड काढूनच ठेवलेले असते. दुहेरी वापराच्या गाडीत पुढचे मडगार्ड टायरपासून बरेच वर असते, त्यामुळे चिखल गळून पडायला जागा मिळते. दुसरा गुण चाकाचा. पुढचे चाक २१ इंचांचे, मागचे १८ इंचांचे. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या, पाटाची कड, फडातल्या सरीचा वरंबा अशा ठिकाणी लहान चाक अडते तिथे मोठे चाक चढून जाते. तिसरे म्हणजे जमिनीपासूनची उंची. स्प्लेंडरला १६५ मिलिमीटर, हिला २२०. म्हणजे दोन इंचांहून थोडा जास्त फरक, आणि मधल्या गवताच्या पट्टीत लपलेला दगड इंजिनाला लागतो की नाही हे या दोन इंचांवरच ठरते. शॉकअपची धाव पुढे २१० व मागे २०५ मिलिमीटर आहे. रोज दोन-तीन तास खराब वाटेवर असणाऱ्याच्या कंबरेला याचा फरक नक्की जाणवेल. तारांची चाके व ट्यूबचे टायर असल्याने पंक्चर गावातही निघते.

आता दुसरी बाजू. बसण्याची उंची स्प्लेंडरला ७८५ मिलिमीटर आहे आणि या गाडीला ८३०. शोरूमच्या सपाट फरशीवर हे पावणेदोन इंच काहीच वाटत नाहीत. पण पाणंदीत उजवा पाय टेकायचा तिथे नेमका खड्डा असतो. पाय पोचला नाही की गाडी कलते, आणि कललेली गाडी १७० किलोच्या आसपास आहे. स्प्लेंडर ११२ किलोची. चिखलात आडवी झालेली गाडी एकट्याने उभी करायची आहे, आणि तीही रात्रीच्या लाईटीला मोटर चालू करायला गेलेल्या वेळी, हे डोळ्यांपुढे ठेवून उंचीचा विचार करावा. घरात गाडी एकच असेल तर ती वडीलही चालवणार. पासष्टीच्या माणसाला त्या सीटवरून पाय फिरवून बसता येते का, हे मुलाने विचारायला हवे. मागे नऊवारी किंवा पाचवारी नेसून एका बाजूला बसणाऱ्या घरधनिणीला तर ही बैठक मुळीच सोयीची नाही. साडी गार्ड व धरायची दांडी नीट बसवून घ्यावी, नंतर बसवू म्हणू नये.

ओझ्याचा प्रश्न याहून मोठा. आपली मोटारसायकल ही निम्मी बैलगाडी असते. युरियाचे ४५ किलोचे पोते, दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, संध्याकाळी जनावरांना वाढ्याचा भारा. स्प्लेंडरच्या लांब सपाट सीटवर हे सारे बसते, आणि बाजूचे अँगल कोणताही वेल्डर करून देतो. या नव्या गाडीचा सायलेन्सर एका बाजूने वर गेलेला असतो, कारण पाण्यातून जाताना त्यात पाणी शिरू नये. ओढा ओलांडताना हा गुण आहे, पण किटली किंवा पोते लटकवायची एक बाजू त्यामुळे गेली. वाळलेले पाचट, पोत्याचा प्लॅस्टिक कापड असे काही त्या गरम नळीला लागू देऊ नये. शिवाय लांब धावेचे शॉकअप मागे ओझे आले की जास्त दबतात, पुढचे चाक हलके होते, आणि चढावर हँडल सैल वाटते. ज्याचे रोजचे काम दूध घालण्याचे आहे त्याने ही गाडी घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

इंजिनाबाबत थोडक्यात. एक्सपल्स २१० चे इंजिन २४.६ पीएसचे व पाण्याने थंड होणारे आहे. म्हणजे पुढे रेडिएटर आला. त्याच्या बारीक जाळीत चिखल वाळला की गाडी तापते, तेव्हा धुताना तो हलक्या धारेने धुवावा. सर्व्हिस स्टेशनच्या जोराच्या फवाऱ्याने जाळी वाकते. इंधन इंजेक्शनने जाते, कार्बोरेटर नाही. आपल्या चौकातला मिस्त्री हुशार असला तरी बिघाड वाचणारे यंत्र त्याच्याकडे आहे का ते विचारावे. नसेल तर सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर आहे हे किमतीइतकेच महत्त्वाचे धरावे. किक आहे का तेही पाहावे. बऱ्याच नव्या गाड्यांना नसते, आणि मग बॅटरी उतरली की ढकलण्यावाचून गत्यंतर नाही.

पेट्रोलबाबत एक गोष्ट आपल्या खास जिव्हाळ्याची आहे. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि त्यातले काही उसाच्या रसातून व मळीतून येते. इथेनॉलमध्ये लिटरमागे उष्णता पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांशच असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडे घटते हे मान्य केले पाहिजे. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्या या पेट्रोलला धरून तयार केलेल्या आहेत. त्याआधीची जुनी गाडी सेकंडहँड घेणाऱ्याने पेट्रोलच्या नळ्या व रबरी वॉशर तपासून घ्यावेत. इथेनॉल हवेतले पाणी ओढते, म्हणून गाडी दोन-दोन महिने उभी ठेवायची सवय असेल तर ती मोडावी.

आता नवीन गाडी लगेच घ्यावी की थांबावे? याचे उत्तर उसाच्या वाणावरून देता येईल. पाडेगावच्या संशोधन केंद्राने एखादा वाण शिफारस करण्याआधी तो सुरू, पूर्वहंगामी, आडसाली अशा तिन्ही हंगामांत पाहिलेला असतो आणि त्याचा खोडवाही पाहिलेला असतो. लागणीला डोळे दिपवणारा ऊस खोडव्यात फुटवेच देत नाही, असे आपण पाहतो. गाडीचाही खोडवा पाहावा. पहिल्या वर्षी सगळ्याच गाड्या चांगल्या असतात. दोन पावसाळे गेल्यावर चेन-स्प्रॉकेट, क्लचप्लेट, स्टिअरिंगच्या गोळ्या, पुढच्या शॉकअपचे ऑइलसील यांचे काय होते हे ती गाडी वापरणाऱ्याकडूनच कळते. आसपासच्या तालुक्यात अशी गाडी कोणाकडे असेल तर त्याला गाठावे, “कशी आहे?” असे न विचारता “आतापर्यंत काय काय बदलले, आणि पार्ट किती दिवसांनी मिळाला?” असे विचारावे. इम्पल्सप्रमाणे गाडी कमी खपली आणि कंपनीने बंद केली तर पार्टसाठी वणवण होते. घाई नसेल त्याने एक हंगाम थांबावे. ज्याचे अडलेलेच आहे त्याने थांबू नये, पण वॉरंटीत काय येते व काय येत नाही ते लेखी घ्यावे.

आता पैशाचे बोलू. २०२५ च्या जानेवारीत या गाडीची शोरूम किंमत पावणेदोन लाखांपासून पुढे जाहीर झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाल्याने सर्वच किमती उतरल्या, तेव्हा आजचा दर शोरूमला विचारावा. हिशेबासाठी पासिंग, विमा, हेल्मेट, गार्ड धरून १ लाख ९० हजार समजू. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनी ३५५० रुपये आहे. तोडणी-वाहतूक वजा जाता हातात टनाला २७०० पडले असे धरले, तर ही गाडी म्हणजे ७० टन ऊस. एकरी ४० टनाने पावणेदोन एकराचे सगळे बिल, तेही बेणे, खत, मजुरी न धरता.

कर्जाने घेणाऱ्याने जास्त सावध राहावे. समजा ४० हजार रोख भरून दीड लाखाचे कर्ज तीन वर्षांसाठी घेतले. दर १२ टक्के आणि तो उतरत्या बाकीवर असेल तर महिना हप्ता सुमारे ४९८२ रुपये, तीन वर्षांत व्याज २९ हजारांच्या वर. पण शोरूममध्ये बसलेला माणूस पुष्कळदा फ्लॅट दर सांगतो. तोच १२ टक्के फ्लॅट असेल तर व्याज ५४ हजार आणि हप्ता ५६६७ रुपये होतो, म्हणजे उतरत्या बाकीने तो दर २१ टक्क्यांच्या आसपास पडला. दर दोन्ही ठिकाणी बाराच सांगितला जातो! “फ्लॅट की उतरत्या बाकीवर?” एवढा एकच प्रश्न विचारला तर २५ हजार वाचू शकतात. दुसरी अडचण अशी की हप्ता दर महिन्याला येतो आणि उसाचे बिल हंगामात येते. ज्याच्या घरी दुधाचा किंवा पगाराचा महिन्याचा पैसा नाही, त्याचा पावसाळ्यातला हप्ता खतासाठी ठेवलेल्या पैशातून जाणार, आणि दुसरा खताचा हप्ता चुकलेल्या फडाचा उतारा आम्ही दरवर्षी काट्यावर पाहतो.

चालवण्याचा खर्चही धरावा. वर्षाला ९ हजार किलोमीटर फिरणे असेल, स्प्लेंडर लिटरला ६० देत असेल आणि ही ३६ देत असेल, तर १५० लिटरच्या जागी २५० लिटर लागेल. पेट्रोल १०५ रुपये धरून वर्षाला साडेदहा हजार जादा.

मग ही गाडी कोणी घ्यावी? ज्याचे रान ओढ्यापलीकडे आहे, पाणंद अजून मुरमाची झालेली नाही, ओझे न्यायला घरात दुसरी गाडी किंवा छोटा ट्रॅक्टर आहे आणि उंची साधारण साडेपाच फुटांच्या वर आहे, त्याने जरूर घ्यावी. टोळ्यांमागे दिवसभर या फडातून त्या फडात हिंडणारे आमचे चिटबॉय व मुकादम यांनाही ती उपयोगी आहे. ज्याचा रस्ता घरापासून रानापर्यंत डांबरी किंवा खडीचा झाला आहे त्याला मात्र तिचे गुण वर्षातून चार दिवसच दिसतील. जाहिरातीत लडाख दाखवतात, पण आपल्याला जायचे असते मोटरीच्या पेटीपर्यंत.

चालवून पाहायची ती शोरूमच्या समोर नव्हे. ओळखीच्याची गाडी असेल तर ती किंवा शोरूमची परवानगी घेऊन त्यांची गाडी आपल्या वाटेवर आणावी, शक्यतो पाऊस पडून गेल्यावर. पहिल्या गिअरमध्ये सावकाश, मागे माणूस बसवून, चाकोरीतून पन्नास पावले चालवावी. क्लच सारखा दाबून धरावा लागला तर ओझ्याला त्रास होणार. मग उतारावर थांबवून दोन्ही पाय टेकतात का पाहावे. टायरचे ठोकळे खोल असतील तर ओल्या डांबरावर ब्रेक जरा लांब लागतो, हेही आजमावावे. गळिताच्या दिवसांत रस्त्यावर सांडलेल्या उसावरून व ट्रेलरच्या चिखलावरून गाडी घसरते. काही गाड्यांत मातीसाठी एबीएस बंद करायचे बटण असते, ते रस्त्याला लागताना पुन्हा चालू करावे.

नव्या दुचाकीला तिऱ्हाइताचा विमा पाच वर्षांचा एकदम काढावा लागतो, पण बरोबर मिळणारा गाडीच्या नुकसानीचा विमा साधारणपणे एकच वर्षाचा असतो. पुष्कळ सभासद “विमा पाच वर्षांचा आहे” म्हणून दुसऱ्या वर्षी तो भरत नाहीत आणि गाडी चोरीला गेली की मोकळ्या हाताने परततात. कर्ज फिटल्यावर बँकेचा ना-हरकत दाखला व फॉर्म ३५ घेऊन आर. सी. बुकावरचा बोजा आरटीओत कमी करून घ्यावा. तो तसाच राहिला तर गाडी विकताना खोळंबा होतो.