किनारा कोणाच्या खात्यावर?

गेल्या डिसेंबरात आमच्या वाणिज्य शाखेची अभ्यास-सहल मुंबईस गेली होती. शेअर बाजार पाहून झाल्यावर सायंकाळी सरांनी आम्हांला नरिमन पॉइंटला नेले. पाठीशी १९७४ साली पुरी झालेली एअर इंडियाची २३ मजली इमारत, समोर समुद्र. कठड्यावर बसून शेंगदाणे खात असता सरांनी विचारले, "हा कठडा आणि हा वारा ताळेबंदात कोणत्या बाजूला दाखवाल?" सगळे हसले. मीही हसले, पण परतीच्या गाडीत तोच प्रश्न डोक्यात घोळत राहिला.

परत आल्यावर ग्रंथालयात शोधले, तेव्हा पहिला धक्का नावानेच दिला. ज्यांच्या नावाने ही जागा ओळखली जाते ते वीर खुर्शेद नरिमन या भरावाचे टीकाकार होते! १९२० च्या सुमारास गव्हर्नर लॉइड यांच्या कारकिर्दीत बॅकबे भरून काढण्याची योजना निघाली. समुद्रातला गाळ उपसून भिंतीआड टाकायचा आणि जमीन तयार करायची. भिंतीतून गाळ पुन्हा समुद्रात जाऊ लागला, खर्च अंदाजाबाहेर गेला. त्यातील गैरव्यवहार नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला. हार्वे नावाच्या अधिकाऱ्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला, त्यातून ते निर्दोष सुटले. पुढे त्याच भरावाच्या टोकाला त्यांचे नाव दिले गेले. आपल्याकडे विरोधकाचा सत्कार असाही होतो.

स्वातंत्र्यानंतर राज्य सरकारने उरलेल्या भागात पुन्हा भराव घालण्यास सुरुवात केली, आणि खरा संघर्ष तेथून पेटला. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी १९६५ साली असे मांडले होते की, दक्षिण टोकाला कचेऱ्यांची आणखी दाटी करू नका, खाडीपलीकडे नवे शहर वसवा. सरकारने ते मानले. १९७० साली सिडकोची स्थापना झाली. पण एका हाताने नवी मुंबई आणि दुसऱ्या हाताने नरिमन पॉइंटचे उंच मनोरे, असा कारभार चालू राहिला. किसन मेहता यांची सेव्ह बॉम्बे कमिटी त्याविरुद्ध उभी राहिली. भूखंड जाहीर लिलावावाचून दिल्याबद्दल खासदार पिलू मोदी (ते स्वतः वास्तुविशारद होते) व इतर नागरिक उच्च न्यायालयात गेले. आधीच भरून वाहणाऱ्या लोकलगाड्या, पाणी, मोकळी हवा हे त्यांचे मुद्दे; कुलाब्याच्या कोळ्यांना तर रोजच्या पोटाची चिंता. मनोरे मात्र उभे राहिले.

माझी वर्गमैत्रीण म्हणते, "अगं, त्या मनोऱ्यांनी किती नोकऱ्या दिल्या, किती कर भरला!" हे खोटे नाही. पण आम्ही पहिल्याच वर्षी शिकलो की भांडवली जमा वेगळी आणि महसुली जमा वेगळी. दुकानातला माल विकून आलेला पैसा हा व्यवहार. दुकानच विकून घरखर्च चालवला तर त्याला धंदा म्हणत नाहीत. सार्वजनिक किनाऱ्याचा भूखंड दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने देऊन आलेली रक्कम चालू खर्चात गेली, तर हिशेबात नफा दिसतो आणि प्रत्यक्षात मूळ मुद्दल खाल्ले जाते.

त्याहून सूक्ष्म गोष्ट अशी. समुद्रासमोरच्या सदनिकेला जादा भाव का येतो? विटा-सिमेंट तर सगळीकडे सारखेच. भाव येतो तो समोरच्या मोकळेपणाला, आणि तो मोकळेपणा बिल्डरने बांधलेला नसतो. तो सगळ्यांचा असतो. विकतो मात्र एकजण. उद्या त्याच्याही पुढे दुसरा मनोरा आला की पहिल्याचा भाव पडतो. मग पहिल्या मनोऱ्यातले लोकही किनारा वाचवा म्हणू लागतात. (त्यांना हसू नये. उशिरा का होईना, आले.)

नोव्हेंबर १९८१ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिले की, भरतीच्या पाण्यापासून ५०० मीटरपर्यंत किनारे मोकळे ठेवावेत. त्यातून पुढे १९ फेब्रुवारी १९९१ ची किनारा नियमन अधिसूचना आली. वसलेल्या शहरात आधीच्या रस्त्याच्या समुद्राकडील बाजूस नवी इमारत नाही. जमिनीकडील बाजूस बांधायचे तर चटई क्षेत्र निर्देशांक त्या वेळचाच, वाढीव नाही. ग्रामीण किनाऱ्यावर पहिले २०० मीटर ना-विकास क्षेत्र. ज्यांनी सभा घेतल्या, अर्ज लिहिले, त्यांना मनोरे पाडता आले नाहीत. पण पुढच्यांना मोजायला एक रेषा मिळाली. ती रेषा आता सैल झाली आहे. जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने शहरांतील गोठवलेला निर्देशांक मोकळा केला आणि दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर २०० मीटरचे ५० मीटर केले.

रेषा असूनही काय होते ते कुलाब्याच्या आदर्श सोसायटीने दाखवले. माहितीच्या अधिकारात कागद मागणाऱ्या कार्यकर्त्यांनी त्या ३१ मजली इमारतीचा पाठपुरावा केला. २०१० साली मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०११ मध्ये व उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ती पाडण्यास सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली.

बेळगावच्या मुलीला समुद्राशी काय करायचे, असे कोणी विचारील. आमच्या गावाला समुद्र नाही, गायरान आहे. कन्नडमध्ये त्याला गोमाळ म्हणतात. गेल्या महिन्यात पंचायतीच्या फळ्यावर कन्नडमध्ये एक सूचना लागली. आजोबांना कन्नड वाचता येत नाही, म्हणून त्यांनी मला नेले. रस्त्याकडेच्या गायरानाच्या पट्ट्यावर दुकानगाळे बांधून ते भाड्याने देण्याचा विचार आहे, हरकती पंधरा दिवसांत द्याव्यात, एवढाच मजकूर. "पैसा पंचायतीला मिळेल ना?" आजोबांनी विचारले. मी म्हटले, मिळेल. "मग म्हशी?"

हरकतीचा अर्ज मी कन्नडमध्ये लिहिला. आजोबांनी खाली मराठीत सही केली. पोचपावती घेतली आहे.