पिठाचा माग

सूरह निसाच्या आयत १०५ ते ११३ कोणत्या प्रसंगी अवतरल्या, हे ठाऊक आहे? भाष्यकारांनी तो प्रसंग तपशिलांच्या थोड्या फरकाने दिला आहे. मदीनेत एका घरातून चिलखत चोरीला गेले. ते पिठाच्या पोत्यात होते आणि पोत्याला छिद्र होते. पिठाचा माग काढीत लोक एका ज्यू रहिवाशाच्या दारी पोहोचले. चिलखत तेथेच सापडले. ते आपल्याकडे केवळ ठेवायला दिले होते, असे तो सांगत राहिला. खरा चोर होता स्वतःला मुसलमान म्हणवणारा तुअमा बिन उबैरिक. पण त्याच्या कबिल्याने प्रेषितांपुढे (स.) त्याचीच बाजू लावून धरली. मुद्देमाल समोर, बोलणारे आपले, आरोपी परका! अशा वेळी अल्लाहने त्या ज्यूला निर्दोष ठरवले आणि विश्वासघातक्यांची वकिली करण्यास मनाई केली.

आता आपल्या काळाकडे या. २४ सप्टेंबर २००२ रोजी गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरावर हल्ला झाला; तीसहून अधिक माणसे मारली गेली. सहा मुसलमान दोषी ठरले, तिघांना फाशी झाली. मुख्य आधार होता कबुलीजबाबांचा. एरवी पोलिसांपुढील कबुली आपल्या कायद्यात पुरावा ठरत नाही. 'पोटा' कायद्याने वरिष्ठ अधिकाऱ्यापुढील कबुली ग्राह्य केली होती. (फिक्हमध्येही बळजबरीने घेतलेला इकरार बहुतेक फकीहांनी फोल मानला आहे.) शिवाय ठार झालेल्या हल्लेखोरांच्या खिशांत उर्दू पत्रे मिळाल्याचे दाखवले गेले. अंगावरचे कपडे गोळ्यांनी चाळण झालेले, रक्ताने भिजलेले. पत्रांवर मात्र रक्ताचा थेंब नाही! खालच्या दोन्ही न्यायालयांना हे खटकले नाही. सर्वोच्च न्यायालयाने १६ मे २०१४ रोजी सहाही जणांना निर्दोष सोडले. तोवर सुमारे अकरा वर्षे लोटली होती, आणि मृतांच्या कुटुंबांच्या हातीही काही लागले नाही.

हा निकाल आपण आवर्जून एकमेकांना सांगतो. तुअमाच्या कबिल्याची गोष्ट फारशी सांगत नाही. त्या कबिल्यातले सगळे काही चोर नव्हते. त्यांना आपल्या माणसाची अब्रू राखायची होती आणि दोष घ्यायला एक परका आयता मिळाला होता. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. तरी आजही गावात चोरी झाली की पारध्यांच्या पालांकडे बोट दाखवणाऱ्यांत आपल्या मोहल्ल्यातले लोकही असतात.